एकच हार्ड डिस्क विंडोज, मॅक आणि उबंटू तिन्हीवर चालवायची तर काय करायचं

लग्नसराई आली की आमच्या परभणीत हा प्रश्न ठरलेला. शूटिंगवाला कार्डांमधला सगळा माल एक्सटर्नल हार्ड डिस्कवर टाकतो, डिस्क संभाजीनगरला एडिटिंगला जाते, तिकडं मॅक असतो, आणि दुपारपर्यंत फोन येतो की "भाऊ डिस्क उघडायलीय, क्लिपा बी दिसायल्यात, पण ह्याच्यात काहीच सेव्ह होईना". दुसरा प्रकार कॉलेजच्या पोरांचा. घरी विंडोजचा लॅपटॉप, नांदेडला नाहीतर लातूरला लॅबमध्ये उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार), प्रोजेक्ट सगळा पेन ड्राइव्हवर, आणि ऐन सबमिशनच्या दिवशी पेन ड्राइव्ह रीड ओन्ली, म्हणजे नुसतं वाचता येतं, त्यात काही लिहिता येत नाही. दोन्हीकडं लोक पहिलं काय म्हणतात तर डिस्क गेली. डिस्क गेलेली नसते हो, केबलही बरी असते, त्या डिस्कवर फाइली ज्या पद्धतीनं मांडल्यात ती पद्धत एका कॉम्प्युटरला पूर्ण येते आणि दुसऱ्याला अर्धवट, एवढीच भानगड आहे.

खाली सगळं पहिल्यांदा करणाऱ्यासाठी लिहितोय, ज्यांना माहितीय त्यांनी सरळ फॉरमॅटच्या भागावर उडी मारा.

आधी भानगड काय ती समजून घ्या

डिस्कवर कुठली फाइल कुठं ठेवली, किती मोठी आहे, रिकामी जागा कुठं आहे ह्याचा हिशेब ठेवायच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. मायक्रोसॉफ्टनं १९९३ मध्ये विंडोज एनटीसोबत एनटीएफएस आणली, आजही विंडोज तीच वापरतं. ॲपलनं १९९८ ला एचएफएस प्लस आणली जिला डिस्क युटिलिटीत मॅक ओएस एक्स्टेंडेड म्हणतात, आणि २०१७ पासून मॅकवर एपीएफएस आली. लिनक्सवाल्यांची ईएक्सटी४ आहे, ती २००८ ची. तिघांनी आपापल्या घरच्यासाठी केलेल्या गोष्टी आहेत, शेजाऱ्याचा विचार कुणीच केला नाही.

आता कोण काय वाचतं ते बघा. एनटीएफएसची डिस्क मॅकला लावली तर मॅक ती वाचतो, त्यातून कॉपी करून घेता येतं, पण तिच्यावर लिहू देत नाही. वर फोनवर जे गाऱ्हाणं होतं ते हेच. उबंटूवर एनटीएफएस वाचताही येते आणि लिहिताही येते, एक अट आहे ती पुढं सांगतो. मॅकच्या एपीएफएसची डिस्क विंडोजला लावली तर विंडोजला काहीच कळत नाही, ते म्हणतं फॉरमॅट करा. ईएक्सटी४ चं पण तसंच, विंडोज आणि मॅक दोघंही हात वर करतात.

मग तिघांना मिळून चालणाऱ्या दोनच उरल्या, फॅट३२ आणि एक्सफॅट. फॅट३२ ही १९९६ च्या आसपासची, विंडोज ९५ च्या काळातली, आणि ती चालत नाही असं मशीन सापडणं अवघड, टीव्ही, गाडीतला म्युझिक सिस्टिम, झेरॉक्सच्या दुकानातलं प्रिंटर, सगळं. पण तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही. डिस्क एक टीबी रिकामी असंल तरी ५ जीबीची फाइल टाकायला गेलं की विंडोज म्हणतं फाइल टू लार्ज, आणि माणूस म्हणतो अरे एवढी जागा आहे की. लग्नाचं तीन तासांचं व्हिडिओ ४ जीबीत कुठं बसायलंय.

एक्सफॅट मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये काढली ती ह्याच कारणासाठी, ४ जीबीची अट नाही. मॅकला ती २०१० पासून येते म्हणजे मॅकच्या स्नो लेपर्ड व्हर्जनच्या १०.६.५ पासून. लिनक्सला बरेच दिवस पेटंटमुळं अडचण होती, मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टनं तिची सगळी माहिती खुली केली आणि आता ती लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे मूळ गाभ्यातच आहे, त्यामुळं उबंटू २०.०४ किंवा त्यापुढचं असंल तर डिस्क लावली की उघडते. १८.०४ सारखं जुनं असंल तर एक्सफॅट फ्यूज नावाचं पॅकेज टाकावं लागतं. आणि शूटिंगवाल्यांनो, तुमच्या कॅमेऱ्यातलं ६४ जीबीचं कार्ड मुळात एक्सफॅटच असतं, ३२ जीबीच्या वरच्या एसडी कार्डांचा नियमच तो आहे, म्हणजे तुम्ही रोज वापरायलात, फक्त नाव माहीत नव्हतं.

तर माझं सरळ मत, ह्या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर फिरणारी डिस्क असंल तर एक्सफॅट, दुसरा विचार करू नका. पण लक्षात ठेवा एक्सफॅट हा टेम्पो आहे, गोडाऊन नाही. माल इकडून तिकडं न्यायला एक नंबर, वर्षानुवर्षं एकुलती एक कॉपी तिच्यावर ठेवायची नाही. का, तर एनटीएफएस, एपीएफएस, ईएक्सटी४ ह्या तिघी काही बदल करायच्या आधी त्याची नोंद करून ठेवतात किंवा जुनी नोंद नवी पक्की होईपर्यंत मोडत नाहीत, त्यामुळं मधेच लाईट गेली तरी सावरायची संधी असते. एक्सफॅटमध्ये असली सोय नाही. कॉपी चालू असताना लाईट गेली तर ती फाइल तर जातेच, कधीकधी हिशेबाचं पानच बिघडतं आणि आख्खं फोल्डर दिसंना होतं. आपल्याकडं उन्हाळ्यात लाईटचा काय भरवसा ते मी सांगायला नको, डेस्कटॉपला यूपीएस नसंल तर मोठी कॉपी लॅपटॉपवरूनच करा.

फॉरमॅट करायच्या आधी

फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं साफ. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर महिन्याला कुणीतरी रडत येतं. डिस्कवर आधीचं काही असंल तर ते पहिलं दुसरीकडं कॉपी करा, आणि कॉपी झाली म्हणून लगेच पुढं जाऊ नका, त्यातल्या चार-पाच मोठ्या फाइली उघडून बघा, व्हिडिओ असंल तर शेवटापर्यंत सरकवून बघा. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि बाइट्समधला आकडा दोन्हीकडं सारखा येतो का ते बघा. इथं एक गंमत, विंडोजवर एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते आणि तीच मॅकवर एक टीबी दिसते. कुणी जागा चोरली नाही, मॅक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून तुलना करताना जीबीचा आकडा धरू नका, बाइट्सचाच धरा.

वेळेचा पण अंदाज घ्या. यूएसबी २ च्या पोर्टवर सेकंदाला साधारण ३०-३५ एमबी जातात म्हणजे ६४ जीबीला अर्धा तास, आणि यूएसबी ३ च्या पोर्टवर साधी फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला शंभरच्या आसपास देते म्हणजे दहा-अकरा मिनिटं. यूएसबी ३ चं पोर्ट बऱ्याचदा आतून निळं असतं. जुन्या डेस्कटॉपला पुढच्या बाजूला लावू नका, मागं लावा, पुढच्या पोर्टांना करंट कमी पडतो आणि डिस्क चालू-बंद, चालू-बंद होत राहते.

विंडोजवर फॉरमॅट

मॅकवर पण करता येतं, पण मी विंडोजवर करायला सांगतो, कारण मॅकवर केलेली एक्सफॅट कधीकधी विंडोज ओळखत नाही, विंडोजवर केलेली मॅकनं ओळखली नाही असं मात्र क्वचित होतं.

१. बाकीचे सगळे पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर काढून टाका. एकच डिस्क लावलेली असंल तर चुकीची फॉरमॅट व्हायचा प्रश्नच येत नाही.

२. धिस पीसी उघडा, डिस्कचं अक्षर बघा, ई असंल, एफ असंल, आणि साइज पण बघा. नुसत्या अक्षरावर जाऊ नका, काही लॅपटॉपमध्ये डी आणि ई दोन्ही आतल्याच डिस्कचे भाग असतात.

३. त्याच्यावर राइट क्लिक, मग फॉरमॅट. विंडोज ११ मध्ये दिसलं नाही तर शो मोअर ऑप्शन्समध्ये बघा.

४. फाइल सिस्टिमच्या रकान्यात एक्सफॅट निवडा. खाली अलोकेशन युनिट साइज म्हणून येतं, व्हिडिओ-फोटो असतील तर डिफॉल्टच राहू द्या, मोठ्या डिस्कला ते १२८ केबी असतं. पण तुमच्या हजारो बारक्या फाइली असतील, म्हणजे कोडिंगवाली पोरं, किंवा सेतू-सीएससीवाले ज्यांच्याकडं स्कॅन केलेले दाखल्यांचे फोल्डर असतात, तर ३२ केबी करा. कारण २ केबीची फाइल टाकली तरी ती एक पूर्ण युनिट अडवते, दहा हजार बारक्या फाइली म्हणजे सव्वा जीबी नुसती हवेत.

५. व्हॉल्यूम लेबलमध्ये साधं छोटं इंग्रजी नाव द्या, अकरा अक्षरांच्या आत.

६. क्विक फॉरमॅटची टिक राहू द्या आणि स्टार्ट. टिक काढली तर तो आख्खी डिस्क तपासत बसतो, मोठ्या डिस्कला काही तास. जुनी डिस्क असंल आणि शंका असंल तर रात्री लावून झोपा, नाहीतर गरज नाही.

डिस्क धिस पीसीमध्ये दिसतच नसंल तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिथं खाली ती काळ्या पट्टीत अनअलोकेटेड म्हणून दिसंल. त्याच्यावर राइट क्लिक करून न्यू सिंपल व्हॉल्यूम, पुढं एक्सफॅट निवडायचं. अगदी कोरी डिस्क असंल तर आधी इनिशियलाइज करायला सांगतो आणि एमबीआर की जीपीटी विचारतो, डिस्कचे भाग कसे पाडलेत ह्याची नोंद ठेवायच्या ह्या दोन पद्धती. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क असंल तर जीपीटीच, एमबीआरला त्याच्यापुढची जागा दिसत नाही. त्याच्या आत असंल आणि डिस्क जुन्या टीव्हीलाही लावायची असंल तर एमबीआर घ्या, बरेच जुने टीव्ही जीपीटी ओळखत नाहीत.

मॅक किंवा उबंटूच जवळ असंल तर

मॅकवर ॲप्लिकेशन्समध्ये युटिलिटीज, त्यात डिस्क युटिलिटी. उघडल्यावर पहिलं व्ह्यू मेनूत जाऊन शो ऑल डिव्हायसेस करा, हे केलं नाही तर डाव्या बाजूला फक्त आतला भाग दिसतो आणि स्कीमचा पर्यायच येत नाही, निम्मे लोक इथंच अडकतात. आता डाव्या बाजूला सगळ्यात वरचं, कंपनीच्या नावाचं जे आहे ते निवडा, इरेज दाबा, फॉरमॅट एक्सफॅट, स्कीम जीयूआयडी पार्टिशन मॅप, म्हणजे वरची जीपीटीच. झालं. नंतर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये २०० एमबीचा ईएफआय नावाचा एक बारका भाग दिसतो, त्याला हात लावू नका.

उबंटूवर डिस्क्स नावाचं ॲप असतं. डिस्क निवडा, खालच्या चाकाच्या बटनावर फॉरमॅट पार्टिशन. आता इथं नीट बघा, तो तीन सोपे पर्याय देतो, त्यातला एक असतो फॉर यूज विथ ऑल सिस्टिम्स अँड डिव्हायसेस. वाचून वाटतं हेच तर पाहिजे आपल्याला. ते फॅट३२ आहे! ४ जीबीची अट परत आलीच. तुम्ही अदर निवडा, नेक्स्ट करा, मग यादीत एक्सफॅट येतं. ते फिकट दिसत असंल, दाबलं जात नसंल, तर एक्सफॅटप्रॉग्स नावाचं पॅकेज टाका आणि परत उघडा.

माल भरायच्या आधी एक चाचणी

एक ५ जीबीच्या वरची फाइल टाका, बाहेर काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, ती फाइल उघडा, तिचं नाव बदला, तिथून एक नवीन फाइल टाका, परत पहिल्या कॉम्प्युटरवर येऊन दोन्ही बघा. जाऊन-येऊन दोन्ही बाजूंनी लिहिणं जमलं म्हणजे झालं. पावणेनऊशे जीबी भरून डिस्क एसटीनं पाठवल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

काढायची पद्धत, ह्याच्यावर जरा जास्त बोलतो

एक्सफॅटच्या डिस्का खराब होतात त्यातल्या बहुतेक माझ्या बघण्यात ओढून काढल्यामुळं होतात. "कॉपीची पट्टी तर पूर्ण झाली होती की." पट्टी पूर्ण झाली म्हणजे डिस्कवर लिहून झालं असं नाही, बराच डाटा अजून रॅममध्ये असतो आणि मागून हळूहळू लिहिणं चालू असतं. उबंटूवर हे जास्त दिसतं, ३ जीबीची फाइल बघता बघता गेली असं वाटतं, मग इजेक्ट दाबलं की तो थांबा म्हणतो आणि खरं लिहिणं तेव्हा चालतं, कधीकधी दोन-तीन मिनिटं. डिस्क काढा असा मेसेज येईपर्यंत हात लावायचा नाही.

विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ व्हर्जनपासून मायक्रोसॉफ्टनं बाहेरच्या डिस्कांसाठी क्विक रिमूव्हल डिफॉल्ट केलं, म्हणजे तो डाटा रॅममध्ये साठवून ठेवत नाही, त्यामुळं काही लोक म्हणतात आता इजेक्टची गरज नाही. मी तरी करतो. खाली उजव्या कोपऱ्यात यूएसबीचं चिन्ह, इजेक्ट, संपलं. डिव्हाइस इन यूज असं म्हणालं तर कुठलीतरी फाइल उघडी असते, नाहीतर व्हीएलसी मागं चालू असतो, नाहीतर अँटिव्हायरस तपासत बसलेला असतो. सगळं बंद करून बघा, तरी ऐकंना तर सरळ शटडाऊन करून काढा.

मॅकवर डिस्कचं चित्र ट्रॅशमध्ये ओढा किंवा फाइंडरमध्ये नावासमोरचं इजेक्टचं चिन्ह दाबा. एक्सफॅटची डिस्क एकदा ओढून काढली असंल तर पुढच्या वेळी मॅकला लावल्यावर ती बराच वेळ दिसत नाही, लोक घाबरून परत काढतात, परत लावतात. दिसत नसते कारण मॅक आतून तिची तपासणी करत असतो, मोठी डिस्क असंल तर दहा-पंधरा मिनिटंही जातात. लाईट लुकलुकत असंल तर राहू द्या, चहा घेऊन या.

आणि ती एनटीएफएसवाली अट. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, शटडाऊन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि तेव्हा लावलेली एनटीएफएस डिस्क पण अर्धवट उघडी राहते. तीच काढून उबंटूला लावली की उबंटू एकतर उघडतच नाही किंवा रीड ओन्ली उघडतो. पोरांच्या सबमिशनच्या दिवशी बहुतेक हेच झालेलं असतं. उपाय, बंद करायच्या आधी इजेक्ट करा. विसरलात तर परत विंडोजला लावा, रीस्टार्ट करा, शटडाऊन नाही हं, रीस्टार्ट, त्यात फास्ट स्टार्टअप लागत नाही, मग इजेक्ट करून न्या.

हे मेसेज आले तर

विंडोज म्हणतं यू नीड टू फॉरमॅट द डिस्क, खाली दोन बटनं. फॉरमॅट डिस्क दाबायचं नाही, कॅन्सल! त्याचा अर्थ एवढाच की विंडोजला ही डिस्क वाचता येईना, कदाचित ती मॅकची असंल, कदाचित लिनक्सची, आत माल भरलेला असू शकतो. दुकानात कुणाचीही डिस्क लावताना हे आलं तर आधी विचारा "ही कुठं कुठं लावली होती?"

मॅकवर ह्याचा जुळा भाऊ येतो, डिस्क नॉट रीडेबल, तीन बटनं, इनिशियलाइज, इग्नोर, इजेक्ट. इजेक्ट दाबा. आणि नवीन डिस्क लावल्यावर मॅक कधीकधी विचारतो की ही टाइम मशीनच्या बॅकअपला वापरू का. नको म्हणा. हो म्हणालात तर तो डिस्क पुसून आपल्या पद्धतीची करतो आणि मग विंडोजचा विषयच संपला.

एक फोटो दोनदा का दिसतो

मॅकवरून डिस्क आली की विंडोजवर प्रत्येक फोटोची एक बारकी जुळी फाइल दिसते, नावाच्या सुरुवातीला टिंब आणि अंडरस्कोर, साइज ४ केबी, उघडत नाही. गिऱ्हाईक म्हणतं निम्मे फोटो खराब दिले. खराब नाहीत, मॅकला फाइलीबरोबर जी जास्तीची माहिती ठेवायची असते तिला एक्सफॅटमध्ये जागा नाही म्हणून तो अशी वेगळी फाइल करतो. विंडोजवर बिनधास्त उडवा, फक्त मूळ फोटो उडवू नका. डीएस स्टोअर नावाची पण एक येते, तीही तशीच. उलट विंडोजची सिस्टिम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशन आणि उबंटूची ट्रॅश फोल्डरं मॅकवाल्याला दिसतात. कचरा सगळेच करतात.

ह्या ट्रॅशवरून आठवलं, उबंटूवर किंवा मॅकवर फाइल डिलीट केली तरी ती डिस्कवरच्या लपलेल्या ट्रॅशमध्ये असते, जागा मोकळी होत नाही. डिस्क लावलेली असतानाच ट्रॅश रिकामा करा.

फाइलींची नावं मराठीत दिली तरी तिन्हीकडं दिसतात, युनिकोड आहे सगळं. नावात कोलन, प्रश्नचिन्ह, स्टार, स्लॅश, अवतरणचिन्ह घालू नका, विंडोज ते घेत नाही. तारीख १२/०५ अशी नको, १२-०५ अशी लिहा. पण फाइलीच्या आतला मजकूर श्रीलिपीत टाइप केलेला असंल, आपल्याकडं पत्रिकावाले अजून श्रीलिपीच वापरतात, तर फाइल मॅकवर उघडंल आणि आत नुसती चिन्हं दिसतील, कारण तो फाँट तिथं नाही. हा डिस्कचा दोष नाही, पीडीएफ करून पाठवा.

कोडिंगच्या पोरांसाठी एक, एक्सफॅटवर लिनक्सच्या परमिशन राहत नाहीत आणि सिमलिंक तर होतच नाही. चालता प्रोजेक्ट थेट डिस्कवर ठेवून चालवायला गेलात तर काहीतरी तुटतंच. झिप किंवा टार करून न्या आणि लॅबच्या मशीनवर उघडा. मॅकवाल्यांनी फोटोज ॲपची लायब्ररी एक्सफॅटवर ठेवू नये, ॲपल स्वतःच एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्स्टेंडेड सांगतं. एडिटिंगचा चालू प्रोजेक्टसुद्धा मॅकच्या आपल्या डिस्कवर ठेवा आणि एक्सफॅटवरून फक्त ने-आण.

टीव्ही, मोबाइल, गाडी

टीव्हीचा भरवसा नाही. फॅट३२ चालतेच, एनटीएफएस बऱ्याच ठिकाणी चालते, एक्सफॅट टीव्हीवर अवलंबून. गिऱ्हाइकाला लग्नाचं व्हिडिओ द्यायचं तर मी ३२ जीबीचा फॅट३२ पेन ड्राइव्ह आणि ४ जीबीच्या आत तुकडे केलेलं व्हिडिओ असं सांगतो, आजीला तिच्या टीव्हीवर बघता आलं पाहिजे. विंडोजची फॉरमॅटची खिडकी बरीच वर्षं ३२ जीबीच्या वर फॅट३२ दाखवतच नाही, मोठा पेन ड्राइव्ह असंल तर रुफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यानं होतं. गाडीच्या सिस्टिमला पण फॅट३२ च.

आयफोनला २०१९ च्या आयओएस १३ पासून फाइल्स ॲपमध्ये बाहेरची डिस्क उघडते, एक्सफॅट चालते. अँड्रॉइडमध्ये कंपनीप्रमाणं फरक आहे, लावून बघा. फिरणारी हार्ड डिस्क मोबाइलच्या करंटवर बऱ्याचदा चालत नाही, एसएसडी किंवा पेन ड्राइव्ह चालतो.

पासवर्ड लावायचा असंल तर विंडोजचं स्वतःचं कुलूप, बिटलॉकर, लावू नका, मॅक ते उघडत नाही. व्हेराक्रिप्ट फुकट आहे आणि तिन्हीवर चालतं, पण ते प्रत्येक कॉम्प्युटरवर टाकावं लागतं.

डिस्क आधीच एनटीएफएस आहे आणि भरलेली आहे

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. फॉरमॅट न करता एनटीएफएसची एक्सफॅट करायचा विंडोजमध्ये रस्ता नाही. निम्मी डिस्क रिकामी असंल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या भागावर राइट क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम, जी जागा सुटंल तिच्यावर न्यू सिंपल व्हॉल्यूम करून एक्सफॅट. एकाच डिस्कचे दोन भाग, एक आपला जुना एनटीएफएसचा, मॅकवाल्याला तो वाचायला मिळतो, आणि दुसरा ने-आणीचा. महत्त्वाचा माल असंल तर श्रिंक करताना पण दुसरीकडं कॉपी असू द्या, आणि त्या वेळी लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असू द्या. डिस्क काठोकाठ भरली असंल तर कुणाची तरी दुसरी डिस्क एक दिवस मागून आणा, दुसरा इलाज नाही. मॅकवर एनटीएफएस लिहू देणारी विकतची सॉफ्टवेअरं आहेत, पॅरागॉनचं आहे, टक्सेराचं आहे, एडिटरकडं रोज दहा जणांच्या डिस्का येत असतील तर त्यानं घ्यावं, एका डिस्कसाठी तुम्ही घेऊ नका.

बिघडलीच तर

विंडोजवर डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. मॅकवर डिस्क युटिलिटीत फर्स्ट एड. एक्सफॅटसाठी मी विंडोजचंच आधी चालवतो. पण हे दोन्ही हिशेब जुळवतात, तुमच्या फाइली वाचवणं हे त्यांचं पहिलं काम नाही, म्हणून आत न मिळणारा माल असंल तर आधी जे दिसतंय ते कॉपी करून घ्या आणि मगच चेक करा. चेक झाल्यावर फाउंड आणि तीन शून्य अशा नावाचं फोल्डर दिसलं तर त्यात सुटे तुकडे असतात, सीएचके एक्स्टेन्शनचे, फोटो असतील तर नाव बदलून जेपीजी केल्यावर काही उघडतात.

काहीच दिसत नसंल तर त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका, फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, तिन्ही सिस्टिमवर चालतं, त्यानं काढलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर सेव्ह करा, त्याच डिस्कवर नाही. नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत, नुसता माल मिळतो. आणि डिस्कमधून टक टक आवाज यायलाय, किंवा ती फिरून परत बंद पडायलीय, तर कुठलंच सॉफ्टवेअर चालवत बसू नका, केबल काढा, डाटा रिकव्हरीवाल्याला दाखवा आणि किती घेणार ते आधी विचारून घ्या.